शिक्का राजाचा, हात कारभाऱ्याचा



राजांविषयी आपण कोल्हापूरकर भरभरून बोलतो आणि ते योग्यच आहे. ताराराणींचे नाव घेतले की मान ताठ होते, शाहू महाराजांचे नाव घेतले की आवाज हळवा होतो. पण राजाचा हुकूम कागदावर उतरवणारा, त्यावर शिक्का उमटवणारा आणि तो कागद खेड्यातल्या पाटलाच्या हाती पोहोचेपर्यंत जबाबदार राहणारा जो माणूस, त्याच्याविषयी आपण क्वचितच बोलतो. आज मला त्याच्याविषयी बोलायचे आहे. दरबारातला विश्वासू अधिकारी म्हणजे नेमका कोण? त्याच्यावर विश्वास कोणाचा असतो, आणि कोणाचा असायला हवा?

विषय निवडताना मी दोन दफ्तरे शेजारी ठेवली आहेत. एक आपले करवीरचे. दुसरे बायबलच्या जुन्या करारातले, म्हणजे मिसर, यरुशलेम आणि इराणातले शूशन इथल्या दरबारांचे. दुसरे दफ्तर आपल्याला परके वाटायचे कारण नाही. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 साली कोल्हापुरात आले, तेव्हापासून या गावात ते पुस्तक मराठीतून वाचले जात आहे. वाइल्डर मेमोरियल चर्च आपल्या रोजच्या वाटेवर आहे. योसेफ, दानीएल, नहेम्या ही नावे या गावातल्या कित्येक घरांत मुलांना ठेवलेली आहेत. आणि गंमत अशी, की हे तिघेही राजे नव्हते. तिघेही राजदरबारातले नोकर होते.

राजाचा विश्वास डोळ्यांना दिसतो तो शिक्क्याच्या रूपाने. मिसरच्या फारोने योसेफाला तुरुंगातून काढून सगळ्या देशाचा कारभार दिला, तेव्हा आपल्या बोटातली मुद्रा काढून त्याच्या बोटात घातली. योसेफाने त्या मुद्रेच्या जोरावर सुगीच्या सात वर्षांत धान्य साठवले आणि दुष्काळाच्या सात वर्षांत लोक जगवले. एस्तेरच्या पुस्तकातही एक राजा आपली मुद्रा काढून देतो, पण ती जाते हामान नावाच्या दरबाऱ्याच्या हाती. त्याच्याच मर्जीने 127 प्रांतांत एका संपूर्ण समाजाची कत्तल करण्याचे हुकूम सुटतात. मुद्रा देणारे दोन्ही राजे निर्धास्त होते. दोघांनाही आपला माणूस पक्का वाटत होता. तेव्हा राजाचा विश्वास बसला एवढ्यावरून माणसाची पारख होत नाही, हे पहिल्यांदाच लक्षात घ्यायला हवे.

मग पारख कशी होते? माझे उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे ऐकायला सोपे जाईल. राजा दूर असताना आणि राजा चुकत असताना अधिकारी काय करतो, यावरून ती होते. समोर बसलेल्या, शहाण्या, धडधाकट राजाची चाकरी करणे तुलनेने सोपे असते.

राजा दूर असण्याचे आपल्याकडचे सर्वांत मोठे उदाहरण रामचंद्रपंत अमात्यांचे. निळो सोनदेवांचे हे चिरंजीव. वाडवडिलांपासून घराणे स्वराज्याच्या चाकरीत. 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी हे तरुण वयात अमात्यपदावर होते. त्या राज्याभिषेकाच्या वेळी प्रधानांची कामे वाटून दिली गेली, त्यात मंत्र्याकडे म्हणजे वाकनिसाकडे राजाची दिनचर्या, निमंत्रणे आणि भोजनाची देखरेख होती. इराणच्या दरबारात प्यालेबरदाराकडे जे काम असे, तेच हे. राजाच्या पेल्यात आणि पानात काय पडते यावर नजर ठेवणारा माणूस तिकडेही साधा हुजऱ्या मानला जात नसे. तो राज्याचा मोठा अधिकारी असे. हे सहज आठवले म्हणून सांगितले, पुढे त्याचे काम पडणार आहे.

1689 च्या मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला, येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या हाती गेले. राजाराम महाराज पन्हाळ्यावरून वेष पालटून दक्षिणेला निघाले आणि जिंजीला पोहोचले. आज नकाशावर पाहिले तरी छाती दडपते, एवढे ते अंतर. मध्ये सगळा मुलूख औरंगजेबाच्या फौजांनी भरलेला. जासूद निघाला तर पोहोचेलच याची खात्री नाही, पोहोचला तर उत्तर घेऊन परतेल याची त्याहून नाही. अशा वेळी महाराष्ट्राचा कारभार रामचंद्रपंतांवर सोपवला गेला. किताब मिळाला हुकूमतपनाह. त्यांचे मुख्य ठाणे विशाळगड. सोबत शंकराजी नारायण सचिव, पुढे परशुराम त्रिंबक. रणांगणावर संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव.

आपण संताजी-धनाजींच्या घोड्यांच्या टापा ऐकतो. त्या घोड्यांना दाणा कोण पुरवत होते? पावसाळ्यात किल्ल्यांवर गल्ला कोण भरत होते? मोगलांना जाऊन मिळालेला देशमुख परत फिरवण्यासाठी त्याला कोणत्या शब्दांत लिहायचे, किती द्यायचे कबूल करायचे, कुठे धाक घालायचा, हे कोण ठरवत होते? हे सगळे अमात्यांच्या कचेरीतून होत होते. सह्याद्रीच्या एका कड्यावर बसून, धन्याची आज्ञा यायला महिने लागत असताना, सुमारे आठ वर्षे या माणसाने राज्य जिवंत ठेवले. छत्रपतींचे नाव कागदाच्या वर होते. निर्णय मात्र खाली बसलेल्याचा होता.

आणि 1698 साली राजाराम महाराज जिंजीहून परत आले, तेव्हा राज्य त्यांचे त्यांना परत मिळाले. हे वाक्य इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत संपते. पण जगाचा इतिहास पाहिला तर असे वाक्य फार थोड्या वेळा लिहावे लागले आहे. दूर गेलेल्या राजाच्या नावाने आठ वर्षे कारभार करणाऱ्याला स्वतःचे राज्य थाटायचा मोह झाला नसता तरच नवल. औरंगजेबाकडून मनसबी वाटल्या जात होत्या, मोठमोठी घराणी इकडून तिकडे जात होती. पंत राहिले.

आपल्या जुन्या राजपत्रांत शिक्का वर असतो आणि मजकूर संपला की खाली मोर्तब उमटते. मोर्तबाचे काम एकच: इथे राजाचे बोलणे संपले, याच्या खाली कोणी एक ओळही वाढवायची नाही. मोडी दफ्तर चाळताना हे छोटे गोल चिन्ह मला नेहमी थांबवते. अधिकार किती आहे ते वरचा शिक्का सांगतो. तो कुठे संपतो ते मोर्तब सांगते. रामचंद्रपंतांना दोन्ही कळत होते.

त्यांच्या नावावर असलेले आज्ञापत्र 1715 सालचे, करवीरच्या संभाजी महाराजांच्या आज्ञेने लिहिलेले. ते रामचंद्रपंतांचेच का, याविषयी अभ्यासकांत वाद झाले आहेत. मी ते त्यांचे मानतो, कारण त्यातला प्रत्येक शब्द कारभारात हात पोळलेल्या माणसाचा आहे. किल्ले कसे राखावेत, आरमार कसे असावे, सावकार राज्याला का हवेत, टोपीकरांना म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांना समुद्रकाठी जागा का देऊ नये, हे सगळे त्यात आहे. टोपीकरांविषयी पंतांनी जे 1715 साली ओळखले, ते हिंदुस्थानातल्या बहुतेक दरबारांना पुढच्या शंभर वर्षांत राज्ये गमावून कळले.

त्या ग्रंथात प्रधानांवर एक प्रकरण आहे. प्रधान हा राज्याचा आधार, राजसत्ता पसरवणारा, असे ते सांगतातच. पण त्याच दमात प्रधानाला राजसत्तेचा नियंता म्हणतात, त्याला हत्तीच्या अंकुशाची उपमा देतात. जरा थांबून विचार करा. हा ग्रंथ राजाच्या नावाने लिहिलेला आहे, राजाच्या आज्ञेने लिहिलेला आहे, आणि त्यात राजाला सांगितले आहे की तू हत्ती आहेस आणि तुझ्यावर अंकुश लागतो. असे लिहायला धैर्य लागते, आणि ते वाचून घेणारा दरबारही लागतो.

आता झाडांचा परिच्छेद. आरमारासाठी लाकूड लागते. आज्ञापत्र म्हणते, साग वगैरे जे लागेल ते राज्यातल्या अरण्यातून परवानगीने तोडावे, आणखी लागेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराच्या उपयोगाचे, पण त्याला हात लावू देऊ नये. का? तर ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. एखादे झाड अगदी जुने, फळ न देणारे असेल तर धन्याला राजी करून, त्याच्या हाती पैसे ठेवून, त्याच्या संतोषाने तोडावे. बळजोरी करू नये.

कोकणात आणि आपल्या पन्हाळा-शाहूवाडीच्या बाजूला ज्यांच्या परड्यात फणस आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. मला यात दिसतो तो तलवारीपेक्षा शांत असा पराक्रम. गलबत बांधणे ही राज्याची गरज होती, शत्रू दारात होता, हुकूम सुटला असता तर कोणी अडवणार नव्हते. तरी कारभारी म्हणतो, परड्यात शिरताना विचारून शिरा. इथे त्याची निष्ठा राजाकडे आहे, आणि रयतेकडेही आहे. या दोन निष्ठा ज्याच्या ठिकाणी एकत्र नांदतात, त्याला मी विश्वासू अधिकारी म्हणतो.

पण माणूस म्हणून पंतांकडे पाहायचे तर सगळेच सांगायला हवे. याच आज्ञापत्रात वतनदारांविषयी कडक इशारा आहे: नवी वतने देणे म्हणजे राज्य तुकड्या-तुकड्यांनी देऊन टाकणे. हे लिहिणाऱ्याने जिंजीच्या काळात स्वतः वतनांच्या सनदा दिल्या होत्या. देणे भागच होते. शत्रू वतने देत होता, आपण दिली नसती तर माणसे गेली असती. पंचवीस वर्षांनी त्या सनदांचे विष अंगात कसे भिनते ते त्यांनी पाहिले आणि लिहून ठेवले. आणि तरी त्यांच्या स्वतःच्या घराण्याकडे बावड्याची जहागीर राहिली, ती पुढे कोल्हापूर संस्थानाच्या अखेरीपर्यंत चालली. उपदेश आणि आचरण यांतले हे अंतर झाकण्यात अर्थ नाही. मला त्यामुळे आज्ञापत्र कमी मोलाचे वाटत नाही. रोग अंगावर काढलेल्या वैद्याने ते लिहिले आहे.

1714 चे प्रकरण त्याहून अवघड. पन्हाळ्यावर सत्तापालट झाला. ताराबाई आणि त्यांचे पुत्र शिवाजी कैदेत गेले, त्यांच्या सवतीचे म्हणजे राजसबाईंचे पुत्र संभाजी गादीवर आले. रामचंद्रपंत नव्या राजाच्या बाजूने उभे राहिले. शिवाजी महाराज, संभाजी महाराज, राजाराम महाराज, ताराबाईंचे शिवाजी आणि करवीरचे संभाजी, अशा पाच छत्रपतींची चाकरी त्यांच्या हातून झाली, असे आपण अभिमानाने म्हणतो. ताराराणींना त्या पाचव्या चाकरीविषयी काय वाटले असेल? ज्या राणीने औरंगजेबाशी सात वर्षे झुंज दिली, तिच्या कैदेच्या काळात तिचा जुना अमात्य कारभारात होता. राज्य टिकावे म्हणून ते तसे वागले, असे त्यांच्या बाजूने म्हणता येते. मी तसे म्हणतोही. पण पूर्ण समाधान होत नाही, आणि होऊ नये. 1716 साली पन्हाळ्यावरच पंतांचा अंत झाला.

राजा चुकतो तेव्हा काय करायचे, याचे उत्तर शोधताना मला यरुशलेममधल्या शाफान चिटणिसाच्या घराण्याकडे जावे लागते. बायबल वाचणाऱ्यांनाही हे घराणे पटकन आठवत नाही, कारण त्यांची नावे इथे एक, तिथे एक अशी विखुरलेली आहेत. इसवी सनापूर्वी 622 च्या सुमाराला, योशिया राजाच्या अठराव्या वर्षी, मंदिराची दुरुस्ती चालली होती. तिथे नियमशास्त्राचे एक जुने पुस्तक सापडले. याजकाने ते शाफानाकडे दिले. शाफान राजाकडे गेला आणि त्याने आधी काय सांगितले? मंदिरातला पैसा मोजून कामावरच्या मुकादमांच्या हवाली केला, हा हिशेब. तो झाल्यावर म्हणाला, याजकाने एक पुस्तक दिले आहे, आणि ते वाचून दाखवले. ऐकून राजाने आपली वस्त्रे फाडली, राज्याची दिशा बदलली. कचेरीत जन्म घालवलेल्या माणसाला हा क्रम ओळखीचा वाटेल. आधी हिशेब, मग बाकीचे.

योशियाचा मुलगा यहोयाकीम मात्र वेगळ्या जातकुळीचा निघाला. यिर्मया संदेष्टा त्याला नको ते सांगत होता, लोक यिर्मयाच्या जिवावर उठले होते. शाफानाचा मुलगा अहीकाम याने यिर्मयाला लोकांच्या हाती मरू दिले नाही. पुढे यिर्मयाचे बोल एका गुंडाळीत लिहिले गेले आणि मंदिराच्या आवारात, शाफानाचा दुसरा मुलगा गमऱ्या याच्या खोलीतून सर्वांना वाचून दाखवले गेले. अधिकाऱ्यांनी ती ऐकली. ही राजाला कळवावीच लागेल, असे ते म्हणाले. ते त्यांचे कर्तव्यच होते. पण त्याआधी गुंडाळी लिहिणाऱ्या लेखकाला त्यांनी सांगितले, तू आणि यिर्मया लपून राहा, कुठे आहात ते कोणाला कळू देऊ नका.

हिवाळ्याचे दिवस. राजा शेगडीपुढे बसलेला. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चिटणिसाच्या सुरीने तेवढा भाग कापायचा आणि विस्तवात टाकायचा. असे करत करत सगळी गुंडाळी जाळली. बाकीचे दरबारी गप्प होते. गमऱ्या आणि आणखी दोघे मात्र राजाला विनवत राहिले: जाळू नका. राजाने ऐकले नाही.

हे तिघे काही बंडखोर नव्हते. त्यांनी कचेरी सोडली नाही, राजाविरुद्ध कट केला नाही. ज्याला लपवायचे त्याला लपवले, जे राजाला सांगायचे ते सांगितले, आणि राजा चुकताना त्याच्या तोंडावर नको म्हणाले. अधिकाऱ्याच्या हाती असते ते एवढेच, आणि ते थोडे नाही. पुढे यरुशलेम पडले. बाबेलच्या राजाने उरलेल्या लोकांवर अधिकारी नेमला तो अहीकामाचा मुलगा गदल्या. त्याने लोकांना धीर दिला, पिके गोळा करायला लावली. आणि थोड्याच काळात राजवंशातल्याच एका माणसाने मिस्पा येथे त्याला ठार मारले. सगळेच घराणे सोन्याचे नव्हते. शाफानाचा एक मुलगा यहेज्केलाच्या पुस्तकात मूर्तींपुढे धूप जाळताना दिसतो, आणि तिथे ते कौतुकाने सांगितलेले नाही.

1982 साली यरुशलेममध्ये यिगाल शिलो यांच्या उत्खननात एका जळालेल्या घरात मातीच्या 51 मुद्रा सापडल्या. नखाएवढ्या गोळ्या, कागदपत्रांच्या दोऱ्यावर दाबलेल्या. त्यांनी बंद केलेली पत्रे जळून गेली, पण शहराच्या त्या आगीत माती भाजून घट्ट झाली आणि अक्षरे टिकली. त्यांतल्या एकीवर नाव आहे: शाफानाचा मुलगा गमऱ्या. हा तोच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. विनवणारा हात आणि शिक्का उमटवणारा हात एकच होता.

आता कोल्हापूरच्या एका दुखऱ्या जागेला हात घालतो. एकोणिसाव्या शतकातले करवीरचे राजाराम महाराज इटलीत फ्लॉरेन्सला 1870 साली वारले. त्यानंतर दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज वयाने लहान होते, आणि पुढे त्यांना वेडे ठरवून बंदोबस्तात ठेवले गेले. कारभार दिवाण माधवराव बर्व्यांच्या हाती होता. महाराजांचा छळ चालला आहे, त्यात दिवाणांचा हात आहे, असा बोभाटा झाला. टिळक आणि आगरकर यांनी केसरी-मराठातून तो उचलला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ज्या पत्रांवर भिस्त होती ती खरी असल्याचे न्यायालयात सिद्ध झाले नाही. संपादकांनी माफी मागितली, तरी 1882 साली दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगातले ते 101 दिवस महाराष्ट्राच्या आठवणीत कोरले गेले. आणि 1883 च्या नाताळच्या दिवशी अहमदनगरच्या किल्ल्यात, एका गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीत, तो विशीतला राजा मेला.

बर्वे कायद्याने निर्दोष ठरले. त्यांच्याविरुद्ध पुरावा नव्हता आणि मीही आज नव्याने आरोप करणार नाही. मला प्रश्न पडतो तो वेगळा. मुंबईपासून कोल्हापूरपर्यंत हजारो लोकांनी ती गोष्ट ऐकल्याक्षणी खरी का मानली? कारण दिवाण नेमलेला होता साहेबाच्या विश्वासाने. राजा बोलू शकत नव्हता, रयतेला कोणी विचारत नव्हते, आणि वरच्या सरकारला मात्र तो पसंत होता. ज्या अधिकाऱ्याचा विश्वास एकाच खांबावर, तोही परक्या खांबावर उभा असतो, त्याच्याविषयी लोक काहीही खरे मानायला तयार होतात. तो चांगला असला तरी. जुन्या करारातही हेच दिसते: शलमोन राजाच्या मुलाने कराचा जाच वाढवण्याची भाषा केली, तेव्हा त्याने वेठबिगारीवरचा अधिकारी अदोराम याला लोकांकडे पाठवले. लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले आणि राजा रथात बसून पळाला. रयतेचा राग आधी कारभाऱ्याच्या डोक्यावर पडतो, हे तीन हजार वर्षांचे जुने दुखणे आहे.

कोल्हापूरच्या याच दरबारात बर्वे प्रकरणानंतर वीस वर्षांनी काय घडले ते पाहा. 26 जुलै 1902. करवीर सरकारच्या गॅझेटात तो जाहीरनामा निघाला: यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा 50 जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांना द्याव्यात. शाहू महाराज त्या दिवशी कोल्हापुरात नव्हते. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ते विलायतेत होते. विचार महाराजांचा, निश्चय महाराजांचा, याबद्दल शंकाच नाही. पण समुद्रापलीकडे असलेल्या राजाचा असा हुकूम कचेरीत राबवायला माणूस लागतो.

दिवाण होते रघुनाथ व्यंकाजी सबनीस. महाराजांच्या विद्यार्थिदशेपासून त्यांच्याजवळ असलेले. जाहीरनाम्यात मागासलेले वर्ग कोण हे सांगताना वगळलेले वर्गही सांगितले होते: ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले. सबनीस स्वतः कायस्थ प्रभू होते. आपल्याच जातीच्या मुलांची वाट अरुंद करणारा हुकूम त्यांच्या दिवाणगिरीत निघाला आणि राबवला गेला. खाली बसलेले कारकून, मामलेदार, खातेप्रमुख बहुतेक त्याच वगळलेल्या वर्गांतले. 1894 साली महाराज गादीवर आले तेव्हा सर्वसाधारण कारभारातल्या 71 अधिकाऱ्यांपैकी 60 ब्राह्मण होते. अशा कचेरीत एखादा हुकूम जिरवून टाकणे किती सोपे असते! लायक उमेदवार मिळाला नाही, एवढा शेरा पुरतो.

म्हणून त्या जाहीरनाम्यातली शेवटाकडची एक ओळ मला पहिलीइतकीच मोलाची वाटते. या हुकुमानंतर केलेल्या सर्व नेमणुकांचे तिमाही पत्रक प्रत्येक खातेप्रमुखाने सरकारकडे पाठवावे, असे तिच्यात बजावले होते. तिमाही पत्रक! त्यावर कोणी पोवाडा रचणार नाही. पण कारभाराची नस ज्याला ठाऊक आहे त्यालाच ही ओळ सुचते. दर तीन महिन्यांनी आकडा लिहून द्यायचा असला की शेरा मारून सुटता येत नाही. 1912 साली अधिकारी 95 झाले होते आणि त्यांत ब्राह्मण 35 होते. या बदलात भास्करराव जाधवांसारखे 1895 पासून संस्थानच्या नोकरीत असलेले अधिकारी होते, अण्णासाहेब लठ्ठे होते. लठ्ठ्यांनी पुढे महाराजांचे चरित्र लिहिले, कोल्हापूरचे दिवाणपद सांभाळले आणि 1937 साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले.

महाराज मोठे होते म्हणून त्यांना अशी माणसे मिळाली, हे खरे. पण या माणसांनी तो हुकूम जिरवला नाही म्हणून महाराजांचे मोठेपण घराघरांत पोहोचले, हेही तितकेच खरे आहे. आपण पुतळ्याला हार घालतो तेव्हा दुसरे सत्य विसरतो.

आता शूशनच्या प्यालेबरदाराकडे येतो. नहेम्या इराणच्या अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार. राजाच्या कारकिर्दीच्या विसाव्या वर्षी, इसवी सनापूर्वी 445 मध्ये, यरुशलेमचा कोट पडला आहे, वेशी जळाल्या आहेत, ही खबर त्याला मिळाली. राजापुढे प्याला धरताना त्याचा चेहरा उतरलेला होता. राजाने विचारले, आजारी नाहीस, मग असा का? नहेम्या स्वतः लिहितो की त्याला फार भीती वाटली. राजापुढे दुःखी चेहऱ्याने उभे राहणेही धोक्याचे होते. तरी त्याने मागितले, आणि नेमके मागितले: रजा, वाटेतल्या सुभेदारांना पत्रे, आणि राजाच्या वनाच्या रखवालदाराला वेशींच्या लाकडासाठी चिठ्ठी. जायला किती दिवस लागतील, परत कधी येशील, हे राजाने विचारले. त्याने मुदत सांगितली.

यरुशलेमला पोहोचल्यावर रात्री, कोणाला न सांगता, त्याने पडक्या कोटाची पाहणी केली. 52 दिवसांत कोट उभा राहिला. पण मला त्याच्या पुस्तकाचा पाचवा अध्याय जास्त महत्त्वाचा वाटतो. काम चालू असताना गरीब लोक आक्रोश करत आले: राजाचा कर भरायला शेते गहाण टाकली, आता मुले गुलामीत जात आहेत, आणि सावकार आपलेच भाऊबंद आहेत. नहेम्याने सभा बोलावली, धनिकांना शेते, द्राक्षमळे, घरे आणि व्याज परत करायला लावले, आणि त्यांच्याकडून शपथ घेवविली. मग तो स्वतःचा हिशेब देतो. बारा वर्षे मी सुभेदार होतो, पण सुभेदाराचा म्हणून जो भत्ता रयतेवर बसतो तो मी घेतला नाही. माझ्या पंगतीला रोज 150 माणसे असत, रोज एक बैल आणि सहा निवडक मेंढरे लागत. तरीही घेतला नाही, कारण लोकांवर आधीच ओझे फार होते.

आज्ञापत्रातला फणस आणि नहेम्याने न घेतलेला भत्ता, या दोन गोष्टी मी एकाच फडताळात ठेवतो. रामचंद्रपंतांना नहेम्या ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि दोघांच्या मध्ये दोन हजारांहून जास्त वर्षे आहेत. तरी राजाच्या पंगतीजवळून उठलेल्या दोघांनीही रयतेच्या ताटाकडे पाहिले.

राजे गेले. 1 मार्च 1949 रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. शिक्का आता जनतेचा आहे, निदान घटनेत तरी. पण हात कारभाऱ्याचाच आहे. या सभागृहात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी बरीच मुले-मुली बसली आहेत, त्यांना उद्देशून बोलतो. तुम्हांला सनावळ्या पाठ असतात, कलमे पाठ असतात. त्यांच्यासोबत तीन गोष्टी वाचा. आज्ञापत्रातले प्रधानांचे प्रकरण आणि आरमारातला झाडांचा मजकूर. सगळे पुस्तकच लहान आहे, दोन बैठकींत संपते. 26 जुलै 1902 चा जाहीरनामा, शेवटच्या ओळीपर्यंत. आणि नहेम्याचा पाचवा अध्याय. शिवाय ज्यांना जमेल त्यांनी मोडी शिका. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात करवीर दरबाराची कागदपत्रे आहेत, ती वाचू शकणारी माणसे दिवसेंदिवस कमी होत आहेत, आणि या गावाच्या कारभाऱ्यांनी कसे काम केले ते तुमच्याशिवाय आता कोणी वाचणार नाही.